साहेब सुधारत नसतो, तुम्ही वही घ्या

आमच्या कंपनीची बस चाकणहून संध्याकाळी पावणेसहाला सुटायची आणि आमचे साहेब बरोबर ५:३५ ला केबिनच्या दारात उभे राहून म्हणायचे, "दोन मिनिटं ये गं जरा." ती दोन मिनिटं सव्वा तासाची असायची. त्यात काम दहा मिनिटांचं, बाकी त्यांच्या मुलाची जेईई आणि प्लँट हेडने त्यांना आज काय ऐकवलं ते. तोवर बस गेलेली, मग तळेगाव चौकापर्यंत चालत, तिथून मिळेल त्या शेअर गाडीने नाशिक फाटा, तिथून पीएमटी, आणि कोथरूडला घरात पाय टाकेपर्यंत साडेनऊ. पोरगी झोपलेली असायची.

त्या कंपनीत मी पाच वर्षांच्या वर होते, परचेसमध्ये, त्यातली साडेतीन वर्षं या साहेबांच्या हाताखाली. आता खराडीला आहे, बरं चाललंय. नवरा हिंजवडीत आयटीत, त्याच्या टीम लीडचे (म्हणजे त्याच्या साहेबाचे) किस्से रोज जेवताना ऐकते, त्यामुळे कारखाना आणि आयटी दोन्हीकडचा माल माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचा रात्री अकराला फोन आला, मामी मला उद्या ऑफिसला जायचंच नाहीये म्हणून रडत होती, तिला जे तुकड्यातुकड्यात सांगितलं ते इथे एकत्र लिहिते.

पहिलं म्हणजे साहेब खरंच वाईट आहे की नुसता कडक आहे हे बघा. माझे सगळ्यात पहिले साहेब भोसरीचे, आवाज असा की शॉप फ्लोअरवरच्या प्रेसच्या वरून ऐकू यायचा. कोटेशन तीन म्हणजे तीनच, दोनवर फाइल पुढे गेली तर फाइल अंगावर यायची (खरंच यायची, मी झेललीये). पण ऑडिटर आला की हा माणूस पुढे उभा राहायचा, चूक आमची असली तरी "माझ्या डिपार्टमेंटची आहे, बोला" म्हणायचा. तो कडक. तो कामावर बोलायचा. वाईट माणूस तुमच्यावर बोलतो, तुमच्या घरावर, गावावर, पगारावर, "तुमच्या नांदेडकडे असंच चालतं का" वगैरे.

तिसरा एक प्रकार असतो, वरून मार खाणारा. हा स्वतः वाईट नसतो पण वरून जे येतं ते गाळणी न लावता खाली ओततो. तो ओळखायची सोपी युक्ती, तीन-चार आठवडे कॅलेंडरवर टिंब करा, ज्या दिवशी सटकला त्या दिवशी टिंब. टिंबं महिनाअखेर, डिस्पॅच, रिलीज, रिव्ह्यू यांच्या आसपास गोळा झाली तर तो दबाव आहे, अशा माणसाशी महिन्याच्या ७-८ तारखेला शांतपणे बोलता येतं आणि तो बऱ्याचदा ऐकतोही. टिंबं महिनाभर विखुरलेली असली तर तो स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नाही. पुढचं सगळं या शेवटच्या माणसाबद्दल आहे.

आता वहीचं. हे मी कुठे वाचून शिकले नाही, आपटून शिकले. मार्च एंडिंग होतं, साहेब वॉटर कूलरपाशी भेटले आणि जाता जाता म्हणाले, "ते रबर बुशचं शेड्यूल थांबव गं, स्टॉक कमी दाखवायचाय, एप्रिलमध्ये घेऊ." मी भोसरीच्या व्हेंडरला फोन केला, थांबवा म्हणलं, तो म्हणाला मॅडम बघा हां, मी म्हणलं साहेबांनी सांगितलंय. एप्रिलच्या ३ तारखेला लाइन थांबली. दोन तास चाळीस मिनिटं. बुश नाहीत. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूला पंधरा माणसं बसलेली, प्लँट हेडने विचारलं काय झालं, तर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "परचेसने मटेरियल का थांबवलं ते मलाही कळलेलं नाही, मी विचारतोय त्यांना." मी तिथेच बसले होते. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा, अगदी प्रेमाने. आणि माझ्या हातात काय होतं, तर काही नाही, वॉटर कूलर काही साक्ष देत नाही.

त्या सुट्टीच्या दिवशी पोरीची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते, तिथे माझ्यासाठीही एक दोनशे पानी वही घेतली. साधी, रेघांची.

वहीत काय लिहायचं याची पद्धत आहे. तारीख, वेळ, जागा, समोर कोण कोण होतं, आणि जे शब्द बोलले गेले तेच शब्द, जसेच्या तसे. "आज साहेब फार वाईट वागले" हे लिहून तुमचं मन हलकं होईल पण उद्या कुणापुढे ठेवायची वेळ आली तर त्याची किंमत शून्य. त्याच्या जागी "मंगळवार, ११:२०, मीटिंग रूम, आम्ही चौघं, म्हणाले 'बायकांना परचेस देऊच नये, डोकं नसतं'" हे लिहा. याला वजन आहे. त्याच दिवशी लिहायचं, आठवड्याने बसून आठवून नाही. लिहिणं घरी, स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही कारण तो लॅपटॉप ज्या दिवशी तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल त्या दिवशी आयटीवाले येऊन घेऊन जातात.

आणि एक चूक करू नका, जी नवऱ्याच्या टीममधल्या एका पोराने केली. पुरावा म्हणून त्याने ऑफिसच्या मेलमधल्या क्लायंटच्या फायली धडाधड आपल्या जीमेलवर पाठवल्या. कंपनीला आयतं कारण मिळालं, डेटा बाहेर नेला म्हणून. मूळ तक्रार राहिली बाजूला आणि पोराचीच नोकरी गेली. कंपनीची कागदं कंपनीची, ती नेऊ नका. तुमची म्हणजे अपॉइंटमेंट लेटर, सॅलरी स्लिपा, अप्रेझलचं लेटर, रजा मंजूर झाल्याचे मेल, ते सगळं आजच घरी एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.

वहीचा जोडीदार म्हणजे मेल. तोंडी काही सांगितलं की दहा मिनिटांत दोन ओळींचा मेल टाकायचा. माझा असा असायचा: "सर, आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक पार्टचं शेड्यूल थांबवते आहे. सध्याचा स्टॉक ४ दिवस पुरेल. बदल असेल तर आज चारपर्यंत कळवा, नाहीतर व्हेंडरला सांगते." बस. टोमणा नाही, तक्रार नाही, सीसीमध्ये प्लँट हेड तर अजिबात नाही, ते युद्ध पुकारल्यासारखं होतं. स्टॉक किती पुरेल ती ओळ मात्र सोडायची नाही, निर्णयाचा परिणाम त्यांना सांगितला होता हे तिथे नोंदलं जातं.

त्यांचा फोन येणारच की बोललो ना मी, मेल कशाला टाकतेस. त्यावर उत्तर, "सर, मी विसरते हो, म्हणून टाकते." विसरभोळेपणा आपल्या अंगावर घ्यायचा, आपलं काय जातंय. दोन महिन्यांत एक गंमत झाली, साहेब माझ्याशी वॉटर कूलरपाशी बोलायचेच बंद झाले. माणूस होता तसाच होता, माझ्या डोक्यावर खापर फोडणं तेवढं अवघड झालं, म्हणून मग ते दुसऱ्याच्या डोक्यावर फुटायला लागलं. याचं मला वाईट वाटलं का, तर वाटलं, त्या दुसऱ्यालाही मी वही घ्यायला सांगितलं, त्याने घेतली नाही.

५:३५ च्या दोन मिनिटांचं काय केलं ते सांगायचं राहिलं. खूप दिवस मी वाट बघत बसायचे की आज बोलावतात की नाही, पोटात गोळा घेऊन. मग एक दिवस पाच वाजता मीच केबिनमध्ये गेले, "सर, काही आहे का आजचं, पावणेसहाला बस आहे." ते चिडले, म्हणाले असेल तर सांगीन. दुसऱ्या दिवशी परत पाचला गेले, तिसऱ्या दिवशी परत. दोन आठवडे कुरकुर झाली, महिन्याभराने आठवड्यातले पाच दिवस होते ते दोनवर आले. शून्यावर कधीच आले नाहीत. पण तीन दिवस पोरगी जागी असताना घरी पोचणं म्हणजे काय ते पोरं असलेल्यांना कळेल.

थेट "नाही" म्हणणं आपल्याला जमत नाही, संस्कार म्हणा काही म्हणा. त्यापेक्षा "आधी कुठलं?" विचारा. "सर, हे आज देते, मग जीएसटीचं रिकन्सिलिएशन उद्या दुपारी जाईल, चालेल ना?" निवड त्यांनी करायची, आणि त्यांनी जे निवडलं ते परत दोन ओळींच्या मेलमध्ये. आपण दोन्ही करू म्हणून मान हलवली की रात्री दीड वाजता लॅपटॉपसमोर आपणच असतो.

रात्रीच्या व्हॉट्सॲपचं तसंच. रात्री साडेदहाला ग्रुपवर "अपडेट?" असं प्रश्नचिन्ह टाकून झोपणारे लोक असतात, स्वतः झोपतात हां. ही सवय एका रात्रीत मोडायला जाल तर बंड दिसेल, म्हणून हळू करा, पहिला आठवडा अर्ध्या तासाने उत्तर, मग तासाने, मग सकाळी पावणेनऊला "गुड मॉर्निंग सर, आत्ता बघितलं". खरंच आग लागली असेल तर माणूस फोन करतो, मेसेज टाकत नाही. यावर कायदा यावा म्हणून आपल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं, ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क म्हणून, आणि डिसेंबर २०२५ मध्ये परत मांडलं. पण खाजगी विधेयकं मांडली जातात आणि सहसा तिथेच राहतात, त्यामुळे सध्या तरी तुमचा हक्क म्हणजे तुमच्या फोनचं सायलेंटचं बटण.

सगळ्यांसमोर झापलं तर काय करायचं. रडू नका वगैरे सल्ले देणाऱ्यांना कुणी झापलेलं नसतं. रडू आलं तर येऊ दे, "सर, पाच मिनिटांत येते" म्हणून बाहेर पडा, तोंड धुवा, परत या. तिथल्या तिथे वाद घालू नका कारण समोर प्रेक्षक असले की तो माणूस हरायला तयार नसतो. दुसऱ्या दिवशी एकटे असताना एकच वाक्य, "सर, चूक दाखवा, पण सगळ्यांसमोर असं बोलू नका." नवऱ्याच्या लीडवर हे चाललं, तो ओशाळला आणि सॉरी पण म्हणाला. माझ्या साहेबांवर नाही चाललं, ते म्हणाले फारच मनाला लावून घेतेस बुवा तू. तरी मी बोलले ते बरं झालं, त्या रात्री झोप लागली, आणि वहीत एक ओळ वाढली.

आता ऑफिसच्या वातावरणाबद्दल, कारण वाईट साहेब एकटा उगवत नाही, त्याला खतपाणी लागतं. चमचे असतात, त्यांच्याशी गोड राहा आणि हवामानाबद्दल बोला. टपरीवर कटिंग घेताना साहेबांबद्दल जे बोलाल ते ग्लास रिकामा व्हायच्या आत केबिनमध्ये पोचलेलं असतं, हे मी अनुभवाने सांगते. एक माणूस मात्र असा शोधा, शक्यतो दुसऱ्या डिपार्टमेंटचा, ज्याच्यापाशी बोलता येईल. एकट्याने सोसायला लागलात की सहा महिन्यांत आपल्यालाच वाटायला लागतं, आपणच बावळट आहोत.

"आम्ही पण असंच सोसलं" म्हणणारे सिनियर आणि "आपण सगळी एक फॅमिली आहोत" म्हणणारं एचआर, दोघांपासून सावध. तीन महिन्यांची नोटीस मागणारी फॅमिली मी तरी दुसरी बघितली नाही. आणि हे सगळं संसर्गजन्य असतं बरं का. खराडीला माझ्या हाताखाली दोन जण आहेत, गेल्या दिवाळीच्या आधी एकीला मी साडेपाचला हाक मारली आणि तोंडातून शब्द निघाले "दोन मिनिटं ये गं जरा". तिने बॅग खाली ठेवली. ती बॅग खाली ठेवण्याची पद्धत बघून माझ्या अंगावर काटा आला. तिला म्हणलं काही नाही, उद्या बघू, जा तू.

एचआरकडे जावं का? जा, पण एचआर कंपनीचं असतं हे धरून जा. रडगाणं घेऊन गेलात तर पाणी देतील, कानावर घातलंत बरं केलंत म्हणतील आणि संध्याकाळपर्यंत साहेबांना कळेल. जायचं तर लेखी, तीन-चार ठळक घटना तारखांसकट, आणि शेवटी मला काय हवंय ते: दुसरी टीम, दुसरा रिपोर्टिंग, जे असेल ते. काय हवंय ते नाही सांगितलं तर त्यांना वाटतं हिला फक्त बोलायचं होतं. मोठ्या कंपनीत टीम बदलून मिळणं हा खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय आहे, नोकरी तीच, पीएफ तोच, फक्त माणूस बदलतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. अंगलट येणं, घाणेरडे विनोद, कपड्यांवर शेरे, रात्रीचे नको ते मेसेज, हे "साहेबांचा स्वभाव" या खात्यात टाकायचं नाही. त्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच लागते, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची, सबळ कारण असेल तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी लोक असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं पोर्टल पण आहे. तीन महिने भुर्रकन जातात, बघू बघू करता करता मुदत जाते. बाकी नुसत्या ओरडण्याला, अपमानाला, मुद्दाम वाईट रेटिंग द्यायला वेगळा असा कायदा आपल्याकडे नाही, तिथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तासांचं म्हणाल तर कायद्यात आठवड्याला ४८ तास आहेत आणि वरच्या तासांना दुप्पट पैसे, पण मॅनेजर लोक त्यातून बाहेर, त्यामुळे सगळ्यांच्याच डेझिग्नेशनमध्ये मॅनेजर का असतं याचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल.

तब्येतीवर थोडं थांबते. जुलै २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली, आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीला लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे फिरलं. आमच्या ऑफिसात ते पत्र प्रत्येकाने फोनवर वाचलं, कुणी काही बोललं नाही आणि सगळे परत एक्सेलमध्ये घुसले. बर्नआउट हा शब्द आपण उठसूट वापरतो, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणचा प्रकार म्हणलं आणि तीन खुणा सांगितल्या: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. माझी खूण वेगळीच होती, सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला पोटात दुखायला लागायचं, बरोबर चारला. ॲसिडिटी म्हणून वर्षभर गोळ्या खाल्ल्या. नोकरी सोडल्यावर दोन महिन्यांत थांबलं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर डॉक्टरकडे जा, आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आता सोडण्याकडे येते, कारण खरं सांगायचं तर वही आणि मेल हे सगळं वेळ काढण्यासाठी आहे. वाईट साहेबाखाली जगण्याची युक्ती मला एकच सापडली, सोडण्याची तारीख ठरवणं. मी कॅलेंडरवर तारीख लिहिली होती, १४ महिन्यांनंतरची. वेड्यासारखं वाटेल पण तारीख लिहिल्यापासून साहेबांचं बोलणं अर्धंच लागायला लागलं, कारण याचं आता एवढेच महिने ऐकायचंय हे माहीत होतं.

१४ महिने का, तर ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की मिळते, हिशोब असा की शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक ४० हजार असेल तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार. साडेचार वर्षं झालेली असताना रागात राजीनामा फेकून ते पैसे सोडू नका, साहेबाला तेवढं बक्षीस कशाला. पीएफचं पासबुक पण उघडून बघा, कापलेला पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, छोट्या कंपन्यांत कापतात आणि भरत नाहीत असं होतं.

घराचा हप्ता असला की दगडाखाली हात असतो, आमचाही होता. आम्ही सहा हप्ते आणि सहा महिन्यांचा किराणा-फी एवढे पैसे वेगळ्या खात्यात साठवले, त्याला आम्ही घरात साहेब फंड म्हणायचो. आईवडील कंपनीच्या मेडिक्लेमवर असतील तर तो शेवटच्या दिवशी संपतो हे लक्षात ठेवा, स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी गोष्टींना सहसा पहिले ३० दिवस थांबावं लागतं आणि जुन्या आजारांना तर काही वर्षं.

शोधायचं गुपचूप. लिंक्डइनवर हिरवी पट्टी लावून फिरू नका, फक्त रिक्रूटरला दिसेल असं सेटिंग आहे. इंटरव्ह्यूसाठी कारणं लागतात, माझ्या एकाच दाताचं दोन महिन्यांत चार वेळा रूट कॅनल झालं. का सोडताय विचारलं तर जुन्या साहेबांचा उद्धार करू नका, समोरचाही कुणाचा तरी साहेबच असतो, "तिथे शिकायचं ते शिकून झालं" एवढं पुरे. उलट तुम्ही विचारा, या जागेवर आधी कोण होतं आणि ते कुठे गेले? उत्तर देताना दोघं एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा. आणि जमलं तर एक कराच, त्या बिल्डिंगच्या बाहेरच्या टपरीवर संध्याकाळी साडेसातला जाऊन चहा घ्या. हिंजवडी असो, खराडी असो, कुठल्या मजल्याचे दिवे चालू आहेत आणि लोक कुठल्या तोंडाने बाहेर येतायत ते दिसतं, टपरीवाल्याला तर कुठली कंपनी कशी आहे हे तिथल्या एचआरपेक्षा जास्त माहीत असतं. खराडीची ही नोकरी मी असाच चहा पिऊन घेतली.

नव्या ठिकाणी सही करताना बाँड वाचा. सोडल्यावर अमुक वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सहसा टिकत नाही. पण ट्रेनिंग-सर्व्हिस बाँडचं, म्हणजे ठरलेली वर्षं थांबा नाहीतर पैसे भरा या अटीचं, तसं नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं नाहीतर २ लाख असा बाँड योग्य ठरवला. ओरिजिनल मार्कशीट कुणालाही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

नवं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, मनातल्या मनात देत राहा हवं तर. द्याल तेव्हा मेलवर, शेवटचा दिवस लिहून, कारण एका ओळीत. मग साहेब एकदम गोड होतात. मला म्हणाले, "अगं तुला तर मी या वर्षी डेप्युटी मॅनेजर करणार होतो." साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मला चहा मागवला, बिस्किटासकट. चहा प्या, बिस्किट खा, राजीनामा मागे घेऊ नका. गोडीने नाही जमलं तर धमकी येते, रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) देणार नाही, इंडस्ट्रीत नाव खराब करीन वगैरे. शांत राहा, नोटीस पूर्ण करा, एकही सुट्टी मारू नका, हँडओव्हरची यादी करून रोज एक ओळ टिक करून मेल टाका, म्हणजे काम अर्धवट टाकून गेली असं म्हणायला जागा राहत नाही.

शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, शेवटच्या तीन स्लिपा आणि हिशोबाचा कागद मागा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) नंतर जूनमध्ये येतो त्यासाठी तुमचा पर्सनल मेल आयडी लिहून द्या. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का बघा, नाही टाकली तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला पोर्टलवर टाकता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब द्यायचा असं लिहिलंय, पण आमचं एचआर ४५ दिवस म्हणायचं आणि ७० लावायचं, तेव्हा पैसे येईपर्यंत दर आठवड्याला एक सभ्य मेल टाकत राहायचं. तरी नाही आले तर वाकडेवाडीला कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, आयटीवाल्यांना नाइट्स म्हणून पुण्यातलीच संघटना आहे, ते लोक असल्या तक्रारी पुढे नेतात. वाकडेवाडीला जाताना अपॉइंटमेंट लेटर, राजीनाम्याचा मेल आणि त्या सगळ्या सभ्य मेलच्या प्रिंट, प्रत्येकाचे दोन सेट करून घरूनच घेऊन निघा.